मापाचं अंथरूण

१

गादीवाल्याला माणसं चेहऱ्यावरून कमी आणि गादीवरून जास्त ओळखता यायची. कापूस पिंजायला म्हणून जुनी गादी दुकानात आली, की तो आधी ती जमिनीवर पसरायचा, गुडघे टेकून बसायचा आणि डोळे मिटून दोन्ही तळवे तिच्यावरून फिरवायचा. कुठे किती दबलंय, कोणती कड बसलीय, यावरून त्याला सगळं उमजायचं. औषधाच्या दुकानदाराच्या डबल गादीची एकच बाजू वापरात होती, हे कळल्यावर त्या जोडप्याचं बोलणं बंद आहे हे वेगळं सांगावं लागलं नाही. पण त्यानं कधी कोणाकडे अवाक्षर काढलं नाही. गुपचूप ज्याची त्याची गादी ज्याच्या त्याच्या मापानं भरून द्यायची. कोणाला खांद्याशी मूठभर कापूस जास्त, कोणाला टाचांशी कमी.

साऱ्या गावाला झोपवणाऱ्या या माणसाला एकाच माणसाची झोप साधली नव्हती. आणि ते म्हणजे त्याचे स्वतःचे वडील.

आप्पांनीच त्याला धंदा शिकवला. चाळीस वर्षं पिंजलेला कापूस थोडाथोडा त्यांच्या छातीत जाऊन बसला होता. आडवं झालं की त्यांचा दम कोंडायचा. सहा वर्षं झाली, आप्पा खुर्चीत बसूनच झोपत होते. झोपत कसले, पेंगत होते. गादीवाल्यानं त्यांच्यासाठी एकामागून एक अकरा गाद्या केल्या. डोक्याकडे उंच, आणखी उंच, मधे खळगा, बिनखळग्याची. दर वेळी आप्पा समजूत घातल्यासारखे दहा मिनिटं आडवे व्हायचे आणि मग हळूच म्हणायचे, "छान झालीय रे. पण मी आपला खुर्चीतच बरा."

त्या सुट्टीत जंगलात जायचं ठरलं ते बिट्टीमुळे. बिट्टी म्हणजे गादीवाल्याची लेक, वय वर्षं नऊ. शाळेच्या वाचनालयातलं कपींचं एक पुस्तक तिनं इतक्या वेळा घरी आणलं होतं, की बाईंनी तिला दुसरं काहीतरी ने म्हणून दटावलं होतं.

"माकडं बघायला इतक्या लांब कशाला जायचं?" आप्पांनी तिला मुद्दाम डिवचलं.

"माकडं नाहीत हो आजोबा! कपी. त्यांना शेपूट नसतं. आपल्यालाही नाही."

"हो का? मग मलाही न्या. नातेवाइकांकडे जायला नको का?"

गादीवाल्याची बायको पाणीपुरवठ्याच्या कचेरीत कामाला होती. तिनं रजा टाकली, विश्रामगृहाच्या दोन खोल्या सांगून ठेवल्या आणि आप्पांची खुर्ची गाडीच्या टपावर दोरीनं आवळून बांधून घेतली.

२

विश्रामगृह म्हणजे एका ओळीतल्या चार खोल्या, पुढे लांबलचक व्हरांडा, त्यापुढे गवताचा मोकळा तुकडा, मग ओढा आणि ओढ्यापलीकडून सुरू होणारं जंगल. खोलीत शिरल्या शिरल्या गादीवाल्यानं आधी काय केलं असेल, तर गादी दाबून बघितली.

"अहो, आपण कपी बघायला आलोय, गाद्या नाही," बायको बॅग ठेवता ठेवता म्हणाली.

"काथ्या भरलाय गं. तुझ्या कमरेचं काही खरं नाही."

बिट्टीच्या जन्मानंतर वर्षभरात ती जिन्यावरून पडली होती. डावा खुबा तेव्हापासून कुरकुरायचा.

तिथला वाटाड्या अंगानं काटकुळा आणि बोलायला मोजका होता. कपींना तो कपी म्हणत नव्हता, वानरं म्हणत नव्हता. 'मंडळी' म्हणायचा. "मंडळी सकाळी ओढ्यापलीकडे येतात. आवाज करू नका. बोटं दाखवू नका. ती आपल्याला बघतात तेव्हा बघू द्या."

दुसऱ्या दिवशी चहा पिता पिता मंडळी खरंच आली. झाडांच्या सावलीतली सावली जराशी जाड झाली आणि तिच्यातून एकेक जण बाहेर पडला. सात होती. काळसर, रुंद खांद्यांची, घाई म्हणजे काय ते ठाऊक नसलेली. दोन पोरं एकमेकांना ढकलत होती. बिट्टीनं आईचा हात इतका घट्ट धरला, की आईच्या बांगडीचा वळ उठला. आनंदानं तिचा आवाजच बसला होता.

गादीवाला मात्र एकीकडेच बघत राहिला. एक म्हातारी मादी होती. पाठीवरचे केस भुरे झालेले, एक कान फाटलेला. बाकीची खात होती, ही खात नव्हती. ती बसली होती आणि खुर्चीतल्या आप्पांकडे बघत होती. तोंडाकडे नव्हे. आप्पांनी श्वास घेताना खांदे कसे वर ओढले, ते बघत होती. मग तिनं मान वाकडी केली आणि आप्पांची पाठ खुर्चीला कुठे टेकते आणि कुठे टेकत नाही, ते बघितलं. मग जरा सरकून बसली आणि दुसऱ्या बाजूनं बघितलं.

मग तिनं गादीवाल्याच्या बायकोकडे नजर वळवली. ती उठून कप ठेवायला आत गेली, तेव्हा म्हातारीनं तिच्या चालण्याकडे बघितलं. डाव्या पायाकडे.

गादीवाल्याच्या हातातला चहा निवून गेला. ती नजर रागाची नव्हती, भुकेची नव्हती, प्राण्याच्या नुसत्या कुतूहलाचीही नव्हती. ती त्याला चांगली ओळखीची होती. दुकानात गिऱ्हाईक शिरलं, की तो स्वतः त्याच नजरेनं बघायचा.

'काहीतरीच,' त्यानं स्वतःला बजावलं. 'धंदा डोक्यात बसलाय, दुसरं काय.'

३

तिसऱ्या दिवशी सकाळी वाटाड्या तिघांना जंगलात घेऊन गेला. आप्पा व्हरांड्यातच थांबले.

मंडळी झोपतात कशी, ते वाटाड्यानं दाखवलं. झाडाच्या बेचक्यात फांद्या वाकवून, मोडून, वर पानांचा थर देऊन केलेली अंथरुणं. रोज संध्याकाळी प्रत्येक जण आपलं नवं करतो. सकाळी टाकून जातो, पुन्हा त्यात झोपत नाही.

"म्हणजे बाबा बेकार नाही होणार इथे," बायको हसत म्हणाली. बिट्टी तर मान वर करून करून दमली.

पुढे गेल्यावर वाटाड्या एकाएकी थांबला. पडलेल्या एका खोडाला लागून जमिनीवर एक अंथरूण होतं. वाटेपासून चार पावलांवर.

"खाली करत नाहीत ते," वाटाड्या म्हणाला. त्यानं वाकून फांदीचं मोडलेलं टोक बघितलं, बोटाला चीक लागला तो हुंगून बघितला. "हे आत्ताचं आहे. सकाळचं. सकाळी कोण अंथरूण करतं?"

गादीवाला नेहमीच्या सवयीनं गुडघ्यावर बसला. डोळे मिटले आणि तळवे फिरवले. पानं लुसलुशीत होती, कुठेही दबलेली नव्हती. यात अजून कोणी झोपलेलं नव्हतं. पण काम कसं होतं! थर सारखे, फांद्यांची टोकं आत वळवलेली, कुठे काही टोचू नये अशी. डाव्या बाजूला कमरेशी हात गेला आणि थांबला. तिथे मूठभर पानं जास्त होती. आणि त्याच बाजूच्या गुडघ्याखाली जागा पोकळ सोडलेली होती.

हे त्यानं आठ वर्षांपूर्वी शोधून काढलं होतं. तीन गाद्या वाया घालवून. एकाच बाईसाठी.

त्यानं डोळे उघडले तेव्हा बायको त्याच्या शेजारी ओणवी झाली होती. "सरका हो जरा, चालून चालून खुबा ठणकतोय," असं म्हणून तिनं सहज अंग टेकलं. आणि तिच्या तोंडून आपसूक निघालं, "अगंबाई!"

"काय झालं?"

"काही नाही. किती बरं वाटतंय." तिनं डोळे मिटले. चेहरा सैल झाला, पाय आपोआप त्या पोकळीत गेला. "पाचच मिनिटं हं."

"ऊठ," गादीवाला म्हणाला.

"अहो, पाचच—"

"ऊठ म्हणतो ना!"

बिट्टी दचकली. बाबा असा कधी बोलत नसे. बायको उठली, केसांतली पानं झटकली आणि परतीच्या वाटेवर फणकाऱ्यानं पुढे चालू लागली. गादीवाला मागून चालत मनाशी हिशेब जुळवत होता. म्हाताऱ्या जनावराचाही खुबा दुखत असेल. डावाच दुखत असेल. का नाही? जगात डावे खुबे काय कमी आहेत?

वाटाड्यानं एकदा मागे वळून बघितलं. कोणाकडे नाही, नुसतंच.

४

जेवताना बायकोचा राग निवळला. "आप्पा, तुमच्या मुलाला स्पर्धा आलीय बरं का. आज अशा अंथरुणात पडले, की उठवेना. यांच्या गादीपेक्षा चांगलं."

आप्पा हसले नाहीत. हातातला घास तसाच राहिला. "कुठे गं, सूनबाई?"

"ओढ्यापलीकडे. फार लांब नाही."

"कसं होतं?"

ती सांगत गेली आणि आप्पा ऐकत राहिले, भुकेला माणूस पंगतीचं वर्णन ऐकतो तसे. गादीवाल्याला ते बघवेना. तो पाणी आणायच्या निमित्तानं उठला.

दुपारी सगळ्यांचा डोळा लागला. तीनच्या सुमाराला गादीवाला बाहेर आला तर खुर्ची रिकामी होती. आप्पांच्या चपला पायरीखाली, शेजारी शेजारी, नीट काढून ठेवलेल्या.

त्यानं बायकोला बिट्टीपाशी थांबायला सांगितलं आणि वाटाड्याला हाक मारली. ओढ्यात पाणी घोट्याएवढंच होतं. पलीकडच्या चिखलात अनवाणी पावलं उमटली होती. आप्पांची. एकसारखी, कुठेही न अडखळलेली. दहा पावलांवर दम लागणारा माणूस थेट चालत गेला होता.

शंभरेक पावलं आत गेल्यावर वाटाड्यानं गादीवाल्याचा दंड धरला. "ओरडू नका," तो पुटपुटला.

झुडपांच्या फटीतून दिसलं ते एवढंच. आप्पा आडवे होते. पाठीवर, दोन्ही हात पोटावर. त्यांच्या पलीकडून, पानांच्या गर्दीतून एक लांब, काळा, सुरकुतलेला हात आलेला होता. तो त्यांच्या कमरेखाली पानं सारत होता. एकेक मूठ. सारून झाल्यावर त्यानं वरून दोनदा थापटलं, थप, थप, बसलं का ते बघायला. मग तो हात सावकाश मागे गेला. पानं मिटली.

गादीवाला धावला नाही. नंतर त्यानं स्वतःला कितीदा तरी विचारलं, आपण धावलो का नाही. तो चालत गेला आणि बापाच्या उशाशी बसला. आप्पांची छाती वर जात होती, खाली येत होती. घरघर नव्हती, शीळ नव्हती. सहा वर्षांत प्रथमच तो आप्पांना झोपलेलं बघत होता.

त्यानं त्यांच्या पाठीखाली हात सरकवला. आणि त्याला कळलं. सहा वर्षं तो डोकं उचलत होता. उचलायची होती ती कंबर. कमरेखाली बोटभर उंची, बरगड्यांखाली उतार, खांदे मोकळे. एवढंच. अकरा गाद्यांत त्याला हे सुचलं नव्हतं. त्या म्हातारीनं एका सकाळीत बघून ओळखलं होतं.

वाटाड्या चुळबुळत होता. "साहेब, ऊन उतरतंय. मंडळी जवळच आहेत."

"असू देत."

तासाभरानं आप्पांनी आपणहून डोळे उघडले. मुलगा समोर बसलेला बघून त्यांचे डोळे भरून आले.

"कधी केलीस रे ही? कळू दिलं नाहीस. शेवटी जमलं की तुला!"

गादीवाल्यानं एकदा झुडपांकडे बघितलं. मग वडिलांकडे. आप्पांनी त्याच्याकडे इतक्या कौतुकानं कधी बघितलं नव्हतं.

"हो," तो म्हणाला. "जमलं खरं."

झुडपात कुठेतरी एक काटकी मोडली. दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांनी मुक्काम हलवला.

५

घरी आल्या आल्या गादीवाल्यानं दुकानात बाराव्या गादीला हात घातला. हातांना सगळं आठवत होतं. कमरेखाली बोटभर उंची, बरगड्यांखाली उतार, खांदे मोकळे. आप्पा त्या दुपारी आडवे झाले आणि दिवेलागणीपर्यंत उठले नाहीत. खुर्ची गॅलरीत गेली आणि तिच्यावर कपडे वाळू लागले.

घराचा नूर पालटला. आप्पांच्या गालांवर मांस चढलं. ते बिट्टीबरोबर पत्ते खेळू लागले, वर चक्क लबाडीही करू लागले. येईल जाईल त्याला सांगायचे, "माझ्या पोराच्या हातात जादू आहे." गादीवाला मान खाली घालायचा. लोकांना वाटायचं, विनयशील आहे.

एक गोष्ट मात्र त्याच्या ध्यानात यायला लागली. कापूस बसतो. कितीही चांगला पिंजला, तरी तिसऱ्या आठवड्यात बसतोच. आप्पांची गादी बसत नव्हती. रोज सकाळी चादर बदलताना तो कमरेपाशी दाबून बघायचा. काल भरल्यासारखी. आधी त्याला स्वतःचं कौतुक वाटलं. महिना उलटल्यावर कौतुक कमी झालं. दोन महिन्यांनी, आप्पा बिट्टीबरोबर खाली फिरायला गेले असताना, त्यानं गादी जमिनीवर घेतली, गुडघे टेकले आणि डोळे मिटले.

मधोमध आप्पा होते. हलके, पाठीवर, जसे असायला हवेत तसे.

आणि भिंतीच्या बाजूच्या कडेवर, कमरेच्या रेषेत, आणखी एक खळगा होता. झोपलेल्याचा नव्हे, बसलेल्याचा. रुंद. त्यानं वितीनं मापला, तीन वेळा मापला. घरातलं कोणीही एवढं रुंद नव्हतं, एवढं जड तर नव्हतंच. एकदा बसून असा खळगा पडत नाही. रोज बसावं लागतं, बराच वेळ.

बायको नवाला बाहेर पडायची, बिट्टी शाळेत, तो दुकानात. दाराला बाहेरून कुलूप, आप्पांकडे आतली किल्ली. घर दुसऱ्या मजल्यावर. त्यानं खिडक्या बघितल्या. कड्या आतून लावलेल्या, गंजलेल्या. गॅलरीचा दरवाजा धड सरकत नव्हता. जंगल गाडीनं पुरा एक दिवस लांब होतं. 'शेजारची बाई येऊन बसत असेल,' त्यानं ठरवलं. शेजारीण तशी अंगानं भरलेली होती.

संध्याकाळी पत्ते पिसत असलेल्या आप्पांना त्यानं सहज विचारल्यासारखं विचारलं. "आप्पा, दुपारचं कोणी येतं का हो?"

"कोण येणार?"

"नाही, शेजारच्या काकू वगैरे."

"छे रे! कोणी नाही." आप्पांनी पान टाकलं. "तू येतोस तेवढाच."

"मी?"

"मग नाही का येत? दोनच्या सुमाराला. मी आपला झोपेत असतो, पण कळतं की. पाठीखाली सारखं करून जातोस." ते समाधानानं हसले. "बोलत नाहीस तेच बरं. झोप मोडत नाही."

बिट्टी म्हणाली, "बाबा, तुमचा डाव."

६

दुसऱ्या दिवशी पावणेदोनला त्यानं दुकानाचं दार ओढून घेतलं आणि घरी आला. कुलूप आवाज न करता काढलं. चपला बाहेरच ठेवल्या.

घर दुपारचं असतं तसं होतं. नळाखालची बादली थेंबाथेंबानं भरत होती. बिट्टीची वही टेबलावर उघडी पडली होती. आप्पांच्या खोलीचं दार लोटलेलं होतं आणि आतून त्यांचा श्वास ऐकू येत होता, मोकळा, निवांत.

त्याच्या जोडीनं आणखी एक श्वास होता. आप्पांच्या दोन श्वासांना त्याचा एक.

गादीवाल्यानं दाराला तळवा लावला. 'पंख्याचा आवाज आहे,' त्यानं स्वतःला सांगितलं. पंखा बंद होता. 'खालच्या मजल्यावरचा आहे.' खालचा मजला महिनाभर रिकामा होता. मग त्याच्याकडे सांगण्यासारखं काही उरलं नाही. त्यानं दार बोटभर ढकललं.

पडदे ओढलेले होते. भिंतीकडच्या बाजूला अंधार जरा जाड होता. उताणे झोपलेले आप्पा दिसत होते, आणि त्यांच्या पाठीखाली गेलेला हात. मनगटापर्यंत कापसात. हात काम करत होता. दाराची बिजागरी करकरली आणि हात थांबला.

दचकून मागे गेला नाही. लपला नाही. नुसता थांबला. सुई टाक्यात असताना गिऱ्हाईक बोलायला आलं, की गादीवाला स्वतः थांबायचा तसा. तुमचं काय ते उरका, म्हणजे मला पुढे होता येईल, अशा बेतानं.

आप्पांचा श्वास अडखळला. घशात बारीक शीळ वाजली, सहा वर्षं रोज ऐकलेली.

गादीवाल्यानं दार हळूच पुन्हा लोटलं. शीळ बंद झाली.

तेवढ्यात बाहेरच्या खोलीत फोन वाजला. पहिल्या घंटीलाच त्यानं झडप घालून उचलला.

"आप्पा?" बायकोचा आवाज. कचेरीतल्या माणसांची कुजबुज मागे ऐकू येत होती.

"मी बोलतोय."

"तुम्ही? या वेळी घरी? काय झालं?"

"काही नाही. सहज आलो."

"आप्पा बरे आहेत ना?"

"झोपलेत."

"बाई गं, धस्स झालं मला!" ती सुस्कारा टाकून म्हणाली. "तुम्ही आहात ते बरंय. रोज या वेळेला मनात येतं हो. म्हातारं माणूस, दुपारभर एकटंच घरात."

गादीवाला लोटलेल्या दाराकडे बघत होता. आतून आवाज आला, थप, थप. बसलं का ते बघायचा.

"नाही," तो म्हणाला. "एकटे नसतात."